पळवणाऱ्याचा पटका

परवा नातसुनेनं मला एका मासिकातला लेख वाचून दाखवला. जुन्या मुक्या सिनेमांवर कुणा शिकलेल्या माणसानं लिहिला होता. त्यात एका सिनेमाचं फार कौतुक होतं. गिरणीमालकाच्या लहान मुलीला चोर पळवतात, मालगाडीत घालून नेतात आणि बाप तिला शोधत फिरतो, असा तो सिनेमा. त्याची पट्टी आता कुठं शिल्लक नाही म्हणे. पण ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून ऐकून लिहिलं होतं, की चोर मुलीला खांद्यावर टाकून गाडीमागं धावतो, त्याच्या डोक्यावरचा पटका घसरतो आणि ती मुलगी दोन्ही हातांनी तो धरून ठेवते. हा प्रसंग डायरेक्टरनं खोल विचार करून घातला असणार, असं त्या माणसाचं मत. चोरातही माणूस असतो आणि तो लेकराला दिसतो, असं काहीतरी.

नातसून म्हणाली, "किती छान ना, आजी?"

मी म्हटलं, "ती पोरगी मी होते."

तिला वाटलं मी थट्टा करते. थट्टा करायची मला सवय नाही. धावणारा माणूस माझा बाप होता आणि त्याचा पटका धरणं हे माझं रोजचं काम होतं. त्यात खोल काही नव्हतं. तो सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा कुणी त्याला छान म्हटलं नव्हतं. लोक जे बोलले आणि छापखान्यातल्या लोकांनी जे लिहिलं, त्यापायी माझ्या थोरल्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडायला आलं होतं. लेखात ते नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे. तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

माझे वडील होटगीला रेल्वेत सांधेवाले होते. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. गाडीला कुठल्या रुळावर जायचं ते सांधा ओढून ठरवायचं, मालगाडीचे डबे जोडताना-तोडताना शेजारून झेंडी घेऊन पळायचं, चालत्या डब्याची पायरी धरून लोंबायचं, हे त्यांचं काम. अंगानं दणकट आणि रंगानं काळे. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, त्यामुळं तोंडावर वण होते. बोलणं कमी.

आमची खोली रुळांच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला. मधे डबे उभे असायचे, कधी हलतील नेम नाही. आई मला एकटीला सोडायची नाही. म्हणून आबा मला पोत्यासारखी खांद्यावर टाकायचे आणि दोन डब्यांच्या मधल्या वाटेनं पळत पलीकडे नेऊन ठेवायचे. एका हातात झेंडी, दुसऱ्या हातानं माझे पाय धरलेले. पळताना पटका घसरायचा आणि सावरायला हात नसायचा. पहिल्यांदा ते म्हणायचे, "पटका धर गं बाय." नंतर सांगावं लागत नसे.

आमच्यात बापाचं डोकं उघडं दिसणं म्हणजे घरात कुणीतरी गेलं. एकदा वाऱ्यानं आबांचा पटका रुळात पडला. आईनं तो धुतला, वाळवला, कपाळाला लावला आणि मगच त्यांच्या हातात दिला. तोवर आबा पाठ फिरवून खोलीत बसून होते. मी तेव्हा तिथं होते. म्हणजे पटका पडला तर काय होतं हे मला ठाऊक होतं. पळवून नेलेल्या मुलीनं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सिनेमाची कंपनी होटगीला आली ती मालगाडीसाठी. चार-पाच माणसं, चित्रं उतरवायची एक पेटी, तिला फिरवायचा दांडा. पळवणाऱ्याचं काम करणारा नट मोठा देखणा होता, पण पायात शहरी बूट. खडीवर दोन पावलं टाकली की घसरायचा. गिरणीमालकाची मुलगी झालेलं पोर तर इंजिनानं वाफ सोडली तशी रडत आईच्या पदरात शिरलं, ते बाहेर येईना. गाडीला सुटायची वेळ झालेली. स्टेशन मास्तर आबांकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला घ्या. हा झोपेतसुद्धा गाडीबरोबर पळेल."

डायरेक्टर चष्मेवाले होते. त्यांनी आबांना खालून वर पाहिलं. "आणि मुलगी?"

आबा म्हणाले, "परकी पोरगी कशी उचलू साहेब? उद्या काय झालं तर? माझी हाय की. तिला सवय हाय."

"तोंड कुणाचंच दिसणार नाही," डायरेक्टर म्हणाले. "पाठमोरेच घेणार आहोत."

त्या रडक्या मुलीचा फ्रॉक मला चढवला. तो मला आखूड होत होता. आबांना नटाचा काळा कोट दिला. नटाच्या डोक्याला पटकाच होता, म्हणून आबांचा त्यांचाच राहू दिला. मला सांगितलं, हातपाय झाड, ओरड. मी विचारलं, "काय म्हणून ओरडू?" डायरेक्टर म्हणाले, "काहीही ओरड गं, ऐकू कुठं येणार आहे?"

गाडी सुटली. आबा पळाले. मी हातपाय झाडले, ओरडलेही. मग पटका घसरला. मी मान वळवली, दोन्ही हातांनी तो आबांच्या डोक्यावर दाबून धरला, आणि आबांनी गार्डाच्या डब्याची पायरी गाठेपर्यंत सोडला नाही. मालगाडी काही परत येणार नव्हती. दांडावाला म्हणाला, "आलं ते आलं." आम्हाला सोड्याची बाटली मिळाली, ती गोळी दाबून फोडायची असते.

आई संध्याकाळभर भांडी आपटत होती. "पोरीला नाचणाऱ्यांच्यात उभी केलीसा. थोरलीला पावणं यायला लागल्यात, आणि ही असली थेरं."

"तोंड न्हाय दिसायचं म्हणालेत की."

"त्यास्नी काय जातंय म्हणायला."

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. मी मान वळवली होती हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

पुढं आक्काचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं. त्या वेळी जे लग्नाचं वय असायचं तेवढी ती झाली होती. स्थळ मामानं आणलं. मामा सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचा, त्याच्याच गल्लीतलं घर. मुलाचा बाप गिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम. गावाकडचं घर आमच्यासारखंच, पण शहरात राहून टापटीप आलेली. घरात घड्याळ, भिंतीला आरसा. मुलगाही गिरणीत लागलेला. सुपारी फुटली. आक्का जात्यावर बसली की मला म्हणायची, "त्यांच्या घरात नळ हाय. घरातच." एवढंच ती परत परत सांगायची.

आणि मग सिनेमा लागला. मामाला पोटात काही ठेवता येत नसे. त्यानं व्याह्यांना सांगितलं, "आमचं दाजी सिनेमात हायत." व्याही खूश झाले. म्हणाले, सगळ्यांना घेऊन या, माझ्यातर्फे. आईला नको होतं. पण व्याह्यांनी बोलावलं की नाही म्हणता येत नाही. आबांनी नवा पटका काढला. मी त्यांना आरशाशिवाय पटका बांधताना रोज पाहत होते, त्या दिवशी मात्र त्यांनी तीनदा सोडून बांधला. त्यांना हौस वाटत होती. ती मला आज आठवली की तोंड फिरवावंसं वाटतं.

थिएटरात बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. मधे कापडाचा आडपडदा. मी आई आणि विहीण यांच्या मधे. आक्का लग्न ठरलेली, म्हणून तिला आणली नव्हती. पडद्याखाली पेटी-तबला वाजवणारे आणि त्यांच्या शेजारी एक माणूस उभा. पडद्यावर अक्षरं आली की तो मोठ्यानं वाचायचा. आधी मराठीत, मग कानडीत, मग तेलुगूत. सोलापुरात तसंच करावं लागायचं. तो माणूस चुरचुरीत बोलायचा, लोक त्याच्यासाठीही यायचे.

सुरुवातीला सगळे गप्प होते. मुलगी बागेत खेळते, चोर झुडपामागून पाहतो. विहीणबाई पान चघळायच्या थांबल्या. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. नट झडप घालतो, मुलीच्या तोंडावर हात ठेवतो. बायकांच्या अंगाला "अगं बाई" झालं. आणि पुढच्या घटकेला आबा पळताना दिसले. मी त्यांच्या खांद्यावर. अंगातला फ्रॉक तोच, पण मुलगी एकदम लांब झालेली, पाय लोंबतात. तेही लोकांनी चालवून घेतलं असतं.

मग मी मान वळवली. मला माझं तोंड पडद्याएवढं मोठं वाटलं. मी पटका धरला. तोंडावर भीती नाही, काही नाही. चूल सारवताना असतं तसं तोंड.

पहिल्यांदा कुणी हसलं नाही. त्या वाचणाऱ्या माणसानं हात वर केला आणि पोरीच्या आवाजात म्हणाला, "काका, पळवायचं तर पळवा, पण पटका सांभाळा!"

थिएटर फुटलं. मग त्यानं तेच कानडीत म्हटलं, तेव्हा एकदा हसले. मग तेलुगूत, तेव्हा आणखी एकदा. माझ्याबद्दलचं हसू तीनदा आलं. आडपडद्याच्या पलीकडून पुरुषांचं हसणं येत होतं आणि त्यात कुठंतरी आबा बसलेले होते. मी त्यांच्या हसण्याचा आवाज ओळखला असता. तो त्यात नव्हता.

विहीणबाईही हसल्या. मग थांबल्या, वाकून माझ्या तोंडाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. आईला म्हणाल्या, "ही तुमची धाकटी न्हवं?"

आई म्हणाली, "व्हय."

त्यांनी पान दुसऱ्या गालात घेतलं.

सिनेमा तिथून गेलाच. गिरणीमालक मुलीसाठी ऊर बडवतो तिथं लोक हसले. पोलीस येतात तिथं कुणी ओरडलं, "आदी पटका शोधा!" नट पुन्हा दिसला की "पटका, पटका". शेवटी मुलगी बापाला भेटते. त्या बिचाऱ्या खऱ्या मुलीनं चांगलं काम केलं होतं, डोळ्यांत पाणी आणलं होतं. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

बाहेर टांग्यांपाशी व्याही आबांना म्हणाले, "लई पळता की पावणं." आबा खाली बघत म्हणाले, "कामच हाय पळायचं." मामा एकटाच हसला.

नंतर कळलं, लोक तेवढ्याच प्रसंगासाठी जात होते. ओरडून ओरडून तो पुन्हा दाखवायला लावत. सोलापुरात कुणी कुणाला घाईत दिसला की म्हणायचे, "पळा, पण पटका सांभाळा." बाजाराला गेलो तर साळ्यांची पोरं तेलुगूत काहीतरी बोलत असत, त्यातून 'पटका' एवढं मला कळायचं. होटगीला गार्ड लोक झेंडी हलवत आबांना विचारायचे, "काय, आज कुणाला उचललंस?" शाळेत मला नाव पडलं ते लिहीत नाही. मास्तरांनीही एकदा वापरलं.

मग मामा दोन पेपर घेऊन आला. सोलापुरातच निघणारे. एकात सिनेमाचं परीक्षण होतं, दुसऱ्यात संपादकानं स्वतः लिहिलेलं. घरात वाचता येणारी मी एकटी. आई म्हणाली, ठेवा ते तिकडं. आबा म्हणाले, "वाच. दडवू नगं."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. पहिल्या पेपरवाल्यानं सुरुवात चांगली म्हटली होती, बाग चांगली, नट चांगला. पण ऐन अपहरणाच्या प्रसंगी कंपनीनं रस्त्यावरचा कुणी धरून आणला, त्याला ना चेहरा ना अभिनय, आणि एका बावळट मुलीनं सगळ्या भयाचा चुराडा केला, असं होतं. 'बावळट' मला लगेच वाचता आलं. 'अपहरण' लावायला वेळ लागला.

आबा म्हणाले, "रस्त्यावरचा न्हाय. रुळावरचा." आणि दुसरा वाच म्हणाले.

दुसरा वाईट होता. त्यात हसणं नव्हतंच. संपादकांनी लिहिलं होतं, की ज्या मुलीला पळवतात तिच्या तोंडावर भय नाही. उलट ती पळवणाऱ्याची काळजी घेते. म्हणजे ती राजीखुशीनं चालली आहे, असं आपल्या लेकीबाळींनी समजायचं काय? अशी चित्रं बघून मुलींना कसलं वळण लागेल? आणि ज्या आईबापांनी आपली मुलगी ह्या कामाला दिली, त्यांच्या घरात कुणी सोयरीक करील काय, असंही विचारलं होतं.

हे मी माझ्या तोंडानं वाचलं. आक्का कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, पण हात थांबले.

मामा म्हणाला, "दाजी, ह्यो पेपर गिरणीत फिरलाय. पोराला लोक इचारत्यात, सासरा पोरी पळवतो व्हय? जॉबर म्हणतो, सुपारी परत घ्या."

आई मामावर तुटून पडली. "तुझ्याच तोंडाला कुलूप नव्हतं. गावभर बोंबललास, आमचं दाजी, आमचं दाजी!"

"आगं, मला काय ठावं, पोरगी पटका धरंल म्हणून?"

आबा म्हणाले, "जातो मी. पाया पडतो."

"त्यांनी हिला बी आणायला सांगितलंय," मामा माझ्याकडं बघून म्हणाला. "त्यांच्या म्हातारीला बघायचीय, कसली हाय ती."

सुपारी फुटून मोडलेली मुलगी म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजवायची गरज नव्हती. शेजारच्या गावात एक होती. शेवटी तिला तीन लेकरांच्या बापाला दिली. सकाळी निघताना आक्कानं माझी वेणी घातली. इतकी घट्ट ओढली की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तितं बोलू नगस. हात बी हलवू नगस. हात पाठीमागं बांधून उभी ऱ्हा."

मी म्हटलं, "व्हय."

व्याह्यांच्या घरी चटई टाकली होती. व्याही आणि त्यांच्या भावकीतले दोन म्हातारे बसलेले. मामा दाराशी. आतल्या उंबऱ्यावर व्याह्यांची आई, डोळ्यांवर हात धरून बघत. मुलगा कुठं दिसला नाही. आबांना बसा म्हटलं नाही. ते उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी, हात पाठीमागं.

म्हातारी म्हणाली, "हीच का गं तू?"

मी बोलले नाही. बोलू नको सांगितलं होतं.

"मुकी हाय का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "भ्यालीय."

"तितं न्हाय भ्याली ती, चोराच्या खांद्यावर. हितं भ्याली व्हय?" एक म्हातारा म्हणाला.

"चोर न्हाय, मीच होतो की," आबा म्हणाले. "बापाच्या खांद्यावर पोरगी भिईल का?"

व्याही म्हणाले, "ते तुमाला ठावं, आमाला ठावं. पेपर वाचणाऱ्याला काय ठावं? मला गिरणीत चारशे तोंडांना उत्तर द्यावं लागतंय पावणं. पोराला घराबाहेर पडायची चोरी झालीय."

आबा म्हणाले, "चूक झाली. थोरलीचा त्यात काय बी संबंध न्हाय." आणि मग ते पुढं झाले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात डोक्याकडे नेले.

मुलीच्या बापाला काही उरलं नाही की तो डोक्यावरचा पटका काढून व्याह्याच्या पायावर ठेवतो. मी ते ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आणि तेव्हा मला ते आठवलंही नाही. मला दिसलं एवढंच, की आबा वाकले आणि पटका डोक्यावरून सरकला. गुडघ्यावर बसल्यामुळं त्यांचं डोकं माझ्या हाताशी आलं होतं.

मी दोन्ही हातांनी पटका दाबून धरला.

आबा हळू म्हणाले, "सोड."

मी सोडला नाही.

"सोड म्हणतो न्हवं." ते वर ओढतात, मी खाली दाबते. पटका त्यांच्या डोळ्यांवर आला. त्यांना दिसेना. तसेच गुडघ्यावर, डोळे झाकलेले, दोन्ही हात वर. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. बहुतेक तेच, चूल सारवतानाचं.

आधी म्हातारीचा आवाज आला, किक् असा. मग भावकीतल्या म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "पळवायचं तर पळवा, पर पटका सांभाळा!" मग सगळे. व्याही हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. दाराबाहेर लोक जमले. मुलगाही कुठून तरी येऊन दारात उभा होता, तोही हसत होता. मामाही.

व्याही डोळे पुसत म्हणाले, "उठा, उठा पावणं. बसा चटईवर. च्या टाका गं. आरं, ही काय राजीखुशीनं पळणारी पोरगी हाय? ही खुळी हाय. पेपरवाल्याला काय कळतंय?" म्हातारीनं मला जवळ बोलावून गाल ओढला. मी खुळी ठरले आणि आक्काचं लग्न वाचलं. असं ते घडलं.

आबा चहा प्याले. पटका त्यांनी तिथंच, सगळ्यांच्या समोर, सोडून पुन्हा बांधला, कारण तसं बाहेर जाता येत नव्हतं. बांधेपर्यंत लोक बघत होते. होटगीला परतताना गाडीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. मी विचारलं, "आबा, मी काय केलं?" ते म्हणाले, "काय न्हाय. चांगलं झालं." पण माझ्याकडं वळले नाहीत. आक्कानं दारातच विचारलं, "हात हलवलास?" मी हो म्हटलं. तिनं फाडकन दिली. नंतर मामानं सगळं सांगितलं तेव्हा तिनं मला मांडीवर घ्यायला बघितलं. मी गेले नाही.

लग्न आमच्या दारात झालं. रुळांच्या कडेला मांडव. वऱ्हाड गाडीनं आलं, गिरणीतले बरेच लोक. अक्षता पडल्या, जेवणं झाली. आबांना व्याह्यांकडून आहेराचा पटका मिळाला, चांगला जरीकाठी. शहरातल्या माणसानं बांधला होता, दगडासारखा घट्ट. मग व्याहीभेटीला दोन्ही बाप समोर उभे राहिले, गळ्यात गळा घालायला. तेवढ्यात गिरणीतल्या पोरांनी गलका केला.

"आसं न्हाय! आदी पळून दाखवा!"

"धाकटीला उचला की पावणं!"

"काका, पळवा!"

व्याही हसत आबांकडं बघत राहिले. त्यांनी पोरांना गप्प केलं नाही. आईनं पदर तोंडाला लावला. आबांनी आक्काकडं पाहिलं. ती नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसली होती, मुंडावळ्यांआड तोंड दिसत नव्हतं.

मी तोवर उंच झाले होते, खांद्यावर टाकण्याजोगी राहिले नव्हते. शाळेलाही मी आता रूळ ओलांडून एकटीच जात असे. आबा माझ्याकडं आले, वाकले आणि मला खांद्यावर टाकलं. माझे पाय त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. ते मांडवातून पळायला लागले. लोक बाजूला होऊन टाळ्या वाजवत होते. पण पटका काही हलेना. इतका घट्ट होता की घसरण्यासारखा नव्हताच. एक फेरी झाली. लोक वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, "पटका कुटं पडतोय?"

तेव्हा आबांनी माझे पाय धरलेला हात सोडला, तो डोक्याकडं नेला आणि बोटं घालून स्वतःच पटका सैल केला. माझं तोंड त्यांच्या कानाशी होतं, म्हणून मला एकटीलाच ऐकू आलं.

"धर, बाय," ते म्हणाले. "आता धर."

मी धरला. लोक हसले. कानडीत-तेलुगूत कुणी म्हणायची गरज पडली नाही.